ऑगस्टीन, सेंट

(१३ नोव्हेंबर ३५४–२८ ऑगस्ट ४३०). ख्रिस्ती धर्मपंडित, तत्त्ववेत्ता आणि उत्तर आफ्रिकेतील हिप्पो येथील बिशप. लॅटिन ख्रिस्ती परंपरेवर पौलानंतर इतका खोल व दीर्घकाळ टिकलेला प्रभाव क्वचितच दुसऱ्या विचारवंताचा पडला असेल. मनुष्य पाप का करतो, ईश्वराचे प्रेम त्याला पापातून कसे सोडविते आणि पवित्र शास्त्र जाणणे म्हणजे नेमके काय, हे तीन प्रश्न त्याच्या चिंतनाच्या केंद्रस्थानी होते. हे प्रश्न त्याने परस्परांपासून अलग मानले नाहीत. पाप म्हणजे भलतीकडे वळलेले प्रेम. त्या प्रेमाला योग्य दिशा देण्याचे सामर्थ्य ईश्वराच्या प्रेमातूनच मनुष्यास लाभते. आणि शास्त्रवचनाचा ज्या अर्थाने हे प्रेम वाढीस लागते, तोच त्याचा खरा अर्थ होय, अशी त्याची भूमिका थोडक्यात सांगता येईल. या भूमिकेमुळे ख्रिस्ती विचारास अंतर्मुखतेची एक नवी दृष्टी मिळाली. तसेच मानवी स्वातंत्र्यासंबंधीचा एक बिकट वादही उद्भवला. तो आजतागायत पूर्णपणे मिटलेला नाही.

जीवन : ऑगस्टीनचा जन्म रोमन साम्राज्याच्या न्यूमिडिया भागातील थागास्ते (सध्याचे अल्जीरियातील सूक आह्रास) या गावी झाला. वडील पॅट्रिशिअस हे बेताच्या परिस्थितीतील जमीनधारक होते व आयुष्याच्या अगदी अखेरीसच ते ख्रिस्ती झाले. आई मॉनिका ही मात्र निष्ठावंत ख्रिस्ती होती. थागास्ते, मदौरा व कार्थेज येथे त्याचे शिक्षण झाले. त्या काळी वक्तृत्वशास्त्राचे अध्ययन हा राजसेवेत व समाजात वर चढण्याचा मार्ग होता आणि ऑगस्टीनने तोच पत्करला. कार्थेजमध्ये एका स्त्रीशी त्याचा विवाहाविना दीर्घकाळ संबंध राहिला व त्यातून अदेओदातुस हा मुलगा झाला. त्या स्त्रीचे नाव त्याने आपल्या लेखनात कोठेही दिलेले नाही.

वयाच्या एकोणिसाव्या वर्षी सिसरोचा ‘हॉर्टेन्सिअस’ हा सध्या अनुपलब्ध असलेला ग्रंथ वाचून त्याच्या मनात ज्ञानाची ओढ निर्माण झाली. त्याने बायबलही उघडून पाहिले. परंतु सिसरोच्या भारदस्त गद्यापुढे बायबलच्या जुन्या लॅटिन भाषांतराची भाषा त्याला ओबडधोबड वाटली. त्यानंतर सुमारे नऊ वर्षे तो मानी पंथाचा श्रोता, म्हणजे कनिष्ठ श्रेणीतील अनुयायी होता. ३८३ मध्ये तो रोमला व ३८४ मध्ये मिलान येथे वक्तृत्वशास्त्राचा अध्यापक म्हणून गेला. मिलानचा बिशप अँब्रोझ याची प्रवचने आणि नव-प्लेटोमताच्या ग्रंथांची लॅटिन भाषांतरे यांच्यामुळे त्याचे जुने आक्षेप हळूहळू गळून पडले. ३८६ च्या उन्हाळ्यात मिलानमधील एका बागेत तीव्र मानसिक संघर्षात असताना, पुस्तक उचलून वाचावे अशा अर्थाचे एका बालकाचे बोल त्याच्या कानी आले व पौलाच्या रोमकरांस पत्रातील तेराव्या अध्यायावर त्याची दृष्टी पडली. त्या क्षणी आपला संशय नाहीसा झाला, असे त्याने नमूद केले आहे. ३८७ मध्ये ईस्टरच्या वेळी अँब्रोझच्या हस्ते त्याचा बाप्तिस्मा झाला. त्याच वर्षी आफ्रिकेस परतताना ओस्तिया येथे मॉनिकाचे निधन झाले. ३९१ मध्ये हिप्पो (सध्याचे अन्नाबा) येथे त्याला धर्मोपदेशकाची दीक्षा देण्यात आली आणि ३९५–९६ च्या सुमारास तो तेथील बिशप झाला. व्हँडल टोळ्यांनी हिप्पोला वेढा घातला असताना त्याचा अंत झाला. अखेरच्या आजारात पश्चात्तापपर स्तोत्रे लिहवून घेऊन ती त्याने शय्येजवळच्या भिंतीवर लावली होती व ती वाचताना त्याचे डोळे भरून येत, असे त्याचा चरित्रकार व सहकारी बिशप पॉसिडिअस याने नोंदविले आहे.

पापाचे स्वरूप : ऑगस्टीनच्या पापविचाराची सुरुवात एका अगदी क्षुल्लक प्रसंगापासून होते. सुमारे ३९७ ते ४०१ या काळात लिहिलेल्या ‘कन्फेशन्स’ या तेरा भागांच्या आत्मनिवेदनात त्याने तो सांगितला आहे. सोळाव्या वर्षी आपल्या सवंगड्यांबरोबर रात्रीच्या वेळी त्याने शेजारच्या झाडाची पेअर नावाची फळे चोरली. ती फळे रंगाने वा चवीने मोहविणारी नव्हती. त्यांहून चांगली फळे घरी होती. मुलांना भूकही नव्हती. बहुतेक फळे त्यांनी डुकरांपुढे टाकली. मग चोरी केली कशासाठी? लोभ, भूक, सूड यांपैकी कोणतेही कारण येथे लागू पडत नाही. निषिद्ध गोष्ट करण्यातच आनंद वाटला, हे त्याचे पहिले उत्तर होय. पुढे जाऊन तो असेही म्हणतो, की एकटा असतो तर आपण ते केले नसते. सोबत्यांच्या हसण्यात सामील होण्याची इच्छा व न केल्यास वाटणारी लाज यांचाही त्यात भाग होता. प्रौढ बिशपने पोरवयातील या खोडीवर एवढा विचार खर्च करावा, याचे काही वाचकांस आश्चर्य वाटते. पण लाभाचा हेतू काढून टाकल्यावरही पाप उरते, हे दाखविण्यास इतके निर्भेळ उदाहरण त्याला दुसरे मिळाले नसते.

तरुणपणी तो ज्या मानी पंथात होता, त्याने दुरिताच्या प्रश्नाचे सोपे उत्तर दिले होते. प्रकाश व अंधार ही दोन अनादी तत्त्वे असून मनुष्यातील वाईट कृत्ये अंधारतत्त्वाकडून घडतात, असे हा पंथ मानी. या मताने मनुष्याचा अपराधभाव हलका होतो, पण ईश्वराचे सर्वसामर्थ्य मर्यादित होते. नव-प्लेटोमताच्या परिचयानंतर ऑगस्टीनने दुरितास स्वतंत्र अस्तित्व नाकारले. जे जे आहे ते ईश्वराने निर्मिलेले व म्हणून चांगले आहे. दुरित म्हणजे चांगल्याची उणीव होय. डोळ्यातील आंधळेपणा ही ज्याप्रमाणे डोळ्याहून वेगळी वस्तू नसते, त्याप्रमाणे दुरितही वेगळी वस्तू नव्हे. नैतिक दुरिताचे मूळ मात्र मनुष्याच्या संकल्पात आहे. संकल्प जेव्हा श्रेष्ठ व शाश्वत मूल्याकडून कनिष्ठ मूल्याकडे वळतो, तेव्हा पाप घडते. सोने, देह, कीर्ती वा सत्ता यांत मुळातच काही वाईट नाही; त्यांना ईश्वराच्या जागी बसविणे वाईट आहे.

संकल्प एकदा वळला, की तो सहज मागे फिरत नाही, हा स्वतःचा अनुभव ऑगस्टीनने बारकाईने उलगडून दाखविला आहे. विकृत संकल्पातून वासना निर्माण होते, वासनेची सेवा करता करता सवय जडते आणि सवयीस विरोध न केल्यास ती अपरिहार्य गरज बनते. ही साखळी बाहेरच्या कोणी नव्हे, तर आपल्याच संकल्पाने घडविलेली असते. आपण इंद्रियसंयम मागत होतो, पण तो तत्काळ मिळू नये अशीही मनोमन इच्छा करीत होतो, ही त्याची कबुली प्रसिद्ध आहे. मन शरीरास आज्ञा देते व हात हालतो. मन मनालाच आज्ञा देते तेव्हा मात्र ते ऐकत नाही. या दुभंगलेल्या संकल्पाचे वर्णन करताना त्याला पौलाच्या रोमकरांस पत्रातील सातव्या अध्यायाचा आधार सापडला. आपणास जे चांगले वाटते ते आपण करीत नाही, हे पौलाचे दुःख त्याला आपलेच वाटले.

प्रेमाचा क्रम : ऑगस्टीनच्या मते मनुष्य प्रेम केल्याशिवाय राहूच शकत नाही. वजनामुळे दगड खाली जातो व ज्योत वर जाते, त्याप्रमाणे प्रेम मनुष्यास त्याच्या स्थानाकडे ओढून नेते. म्हणून मनुष्य चांगला की वाईट हे तो काय जाणतो यावरून नव्हे, तर तो कशावर प्रेम करतो यावरून ठरते. सद्गुण म्हणजे सुव्यवस्थित प्रेम. जी गोष्ट जितकी प्रेमास पात्र, तितकेच तिच्यावर प्रेम असावे, हा तो क्रम होय.

हा विचार त्याने ‘उपयोग’ आणि ‘आनंदोपभोग’ या दोन संज्ञांनी मांडला. प्रवाशाने वाहनाचा व वाटेचा उपयोग करावा, पण घर विसरून वाटेतच रमू नये. तद्वत ऐहिक वस्तूंचा उपयोग करावा आणि अंतिम आनंद ईश्वराच्या ठायी शोधावा. या विभागणीत माणसांचे स्थान कोणते, हा अवघड प्रश्न पुढे येतो. शेजाऱ्यावर प्रेम करणे म्हणजे त्याचा ईश्वरप्राप्तीसाठी साधन म्हणून उपयोग करणे काय? ऑगस्टीनने या शब्दयोजनेतील अडचण ओळखली आणि शेजाऱ्यावरील प्रेम ईश्वराच्या ठायी असावे, असे म्हणून ती सौम्य केली. तरुणपणीच्या एका मित्राच्या मृत्यूचा प्रसंग येथे उद्बोधक ठरतो. त्या दुःखाने थागास्ते गाव त्याला असह्य झाले व तो कार्थेजला निघून गेला. मरणाधीन माणसावर आपण तो कधीच मरणार नाही असे समजून प्रेम केले, ही आपली चूक होती, असे त्याने पुढे लिहिले. मित्रावर प्रेम करू नये, असा मात्र त्याचा निष्कर्ष नव्हता. जे कधीच हरवत नाही त्याच्या ठायी मित्रावर प्रेम करावे, म्हणजे मित्र कायमचा हरवत नाही, असा तो होता.

समाज व इतिहास यांनाही त्याने हेच सूत्र लावले. ४१० मध्ये अ‍ॅलरिकच्या नेतृत्वाखाली गॉथ लोकांनी रोम लुटले, तेव्हा जुन्या देवतांचा त्याग केल्यामुळे हे संकट ओढवले, असा आरोप ख्रिस्ती लोकांवर झाला. त्यास उत्तर म्हणून ४१३ ते ४२६ या काळात ‘सिटी ऑफ गॉड’ (ईश्वराचे नगर) हा बावीस भागांचा ग्रंथ त्याने लिहिला. ईश्वराची अवहेलना करण्यापर्यंत गेलेल्या आत्मप्रेमातून ऐहिक नगर, तर स्वतःस विसरण्यापर्यंत गेलेल्या ईश्वरप्रेमातून स्वर्गीय नगर निर्माण झाले, असे त्याचे प्रतिपादन आहे. ही दोन नगरे या जगात एकमेकांत मिसळलेली असून अंतिम न्यायापर्यंत ती वेगळी करता येणार नाहीत. म्हणून कोणतेही राज्य, ख्रिस्ती सम्राटाचे असले तरीही, ईश्वराचे राज्य म्हणून पुजता येत नाही. खुद्द चर्चमध्येही दोन्ही नगरांचे नागरिक असतात.

ईश्वराचे प्रेम मनुष्याच्या प्रेमाआधी असते, यावर ऑगस्टीनचा विशेष भर आहे. योहानाच्या पहिल्या पत्रावरील दहा प्रवचनांत त्याने तो विस्ताराने मांडला. आपण कुरूप असताना ईश्वराने आपल्यावर प्रेम केले व त्या प्रेमाने आपल्यास सुंदर केले, असा त्यातील युक्तिवाद आहे. पवित्र आत्म्याच्या द्वारे ईश्वराचे प्रेम आपल्या अंतःकरणात ओतले गेले आहे, या अर्थाच्या रोमकरांस पत्रातील (५:५) वचनाचा त्याने वारंवार आधार घेतला. ईश्वरावर प्रेम करण्याची शक्ती हीदेखील ईश्वराचीच देणगी होय, असा निष्कर्ष त्यातून निघतो. हाच निष्कर्ष पुढे वादाचा विषय झाला.

ईश्वरी कृपा व पेलेजिअसशी वाद : पेलेजिअस हा मूळचा ब्रिटनचा, तपस्वी वृत्तीचा ख्रिस्ती उपदेशक रोममध्ये राहत असे. रोममधील ख्रिस्ती लोकांचे शिथिल आचरण पाहून तो अस्वस्थ झाला होता. ‘कन्फेशन्स’ मध्ये ऑगस्टीनने ईश्वराने जी आज्ञा करावयाची ती पाळण्याचे बळही त्यानेच द्यावे, अशी प्रार्थना केली आहे. ती कानी पडताच पेलेजिअस संतप्त झाला, असे ऑगस्टीनने पुढे नमूद केले. पेलेजिअसचे म्हणणे असे, की न्यायी ईश्वर अशक्य आज्ञा करणार नाही. मनुष्यास विवेक, स्वतंत्र संकल्प, नियमशास्त्र व ख्रिस्ताचा आदर्श मिळालेला आहे. हीच ईश्वराची कृपा होय. आदामाच्या पापाने वाईट उदाहरण घालून दिले, परंतु त्याच्या वंशजांच्या स्वभावात बिघाड केला नाही. अशा बिघाडाची सबब सांगणे म्हणजे आळसाला आश्रय देणे होय.

या मतात नैतिक तळमळ होती, हे ऑगस्टीनने नाकारले नाही. तथापि सवयीच्या साखळीत जखडलेल्या माणसास केवळ आज्ञा व आदर्श दाखविणे म्हणजे लंगड्यास चालण्याचा उपदेश करण्यासारखे आहे, असे त्याला वाटले. त्याच्या मते आदामाच्या पतनाने सर्व मानवजातीचा संकल्प दुर्बळ झाला असून आदामाचा दोषही तिच्याकडे आला आहे. हेच आदिपाप होय. मनुष्य अजूनही स्वेच्छेने वागतो, परंतु ती इच्छाच रोगट झालेली असते. कृपा या इच्छेवर बळजबरी करीत नाही, तर तिला बरे करते व जे चांगले आहे त्यात आनंद मानावयास शिकविते. अशा रीतीने कृपा स्वातंत्र्य नष्ट न करता प्रस्थापित करते, असा त्याचा दावा होता.

४११ मध्ये पेलेजिअसचा अनुयायी सीलेस्टिअस याच्यावर कार्थेज येथे दोषारोप सिद्ध झाला. ४१८ च्या कार्थेज धर्मपरिषदेने व पोप झोसिमसने पेलेजिअसच्या मतांचा निषेध केला आणि ४३१ च्या एफेसस धर्मपरिषदेने त्याच्या पक्षाविरुद्धचा निर्णय कायम केला. तरीही ऑगस्टीनपुढील अडचणी संपल्या नव्हत्या. बाप्तिस्मा न होता मृत्यू पावणाऱ्या अर्भकांचे काय, या प्रश्नास त्याने दिलेले उत्तर कठोर होते. त्यांना सौम्यात सौम्य का होईना, पण शिक्षा भोगावी लागते, असे त्याने मानले. कृपा कोणास मिळते व कोणास नाही, हे ईश्वराच्या अगम्य निर्णयावर अवलंबून आहे, अशी पूर्वनियतीची कल्पनाही त्याने अखेरच्या काळात आग्रहाने मांडली. इटलीतील बिशप ज्यूलियन याने, ऑगस्टीन मनुष्यस्वभावास व विवाहास दूषित ठरवून मानी पंथाचेच मत मागील दाराने आत आणत आहे, असा आरोप केला. हॅद्रुमेतुम (सध्याचे ट्युनिशियातील सूस) येथील मठवासीयांचा प्रश्न अधिक साधा होता : सर्व काही कृपेनेच होत असेल, तर चुकणाऱ्यास मठाधिपतींनी रागे का भरावे? केवळ प्रार्थना करावी. यावर, रागे भरणे हेही कृपेचे एक साधन असू शकते, असे उत्तर ऑगस्टीनने दिले.

हा वाद मुळात प्रयत्न व प्रसाद यांच्या संबंधाविषयीचा आहे. भारतीय वाचकास याच जातीचा एक प्रश्न परिचित आहे. आईला स्वतः घट्ट धरून राहणारे माकडाचे पिलू आणि आईने तोंडात उचलून नेलेले मांजरीचे पिलू या दोन दृष्टांतांनी दक्षिणेतील श्रीवैष्णव आचार्यांनी शरणागतीचे दोन पक्ष मांडले. या दोन परंपरांत ऐतिहासिक संबंध नाही व आदिपापाची कल्पनाही श्रीवैष्णव मतात नाही; परंतु पेलेजिअसचा कल पहिल्या दृष्टांताकडे व ऑगस्टीनचा दुसऱ्याकडे होता, असे म्हटल्यास मतभेदाचे स्वरूप ध्यानात येऊ शकते.

शास्त्राचे ज्ञान : बायबलची भाषा ज्याला एकेकाळी हीन वाटली होती, त्या ऑगस्टीनने आयुष्याची सुमारे चाळीस वर्षे बायबलच्या विवरणात घालविली. जुन्या करारातील शब्दशः घेतल्यास विसंगत वाटणाऱ्या कथांचा लाक्षणिक अर्थ कसा लावता येतो, हे त्याला अँब्रोझकडून कळले होते. ३९६ च्या सुमारास सुरू केलेला व ४२६–२७ मध्ये पूर्ण केलेला ‘दे डॉक्ट्रिना क्रिस्तियाना’ (ख्रिस्ती शिकवणुकीविषयी) हा त्याचा चार भागांचा ग्रंथ अर्थनिर्णयाचे शास्त्र सांगतो. पहिले तीन भाग शास्त्रार्थ शोधण्यासंबंधी आणि चौथा तो लोकांपुढे मांडण्यासंबंधी आहे.

शब्द ही चिन्हे असून ती वस्तूंचा निर्देश करतात. काही चिन्हे अपरिचित असल्यामुळे, तर काही द्व्यर्थी असल्यामुळे अर्थ अडतो. अपरिचित शब्दांसाठी हिब्रू व ग्रीक भाषांचे ज्ञान मिळवावे, निरनिराळी भाषांतरे ताडून पाहावीत आणि सदोष हस्तलिखिते दुरुस्त करावीत. प्राणी, वनस्पती, संख्या, संगीत, इतिहास इत्यादींच्या माहितीचाही उपयोग होतो. हे ज्ञान ख्रिस्तीतर विद्वानांकडून घेण्यास हरकत नाही. इझ्राएल लोकांनी ईजिप्त सोडताना तेथील सोने-रुपे बरोबर नेले व ते चांगल्या कामी लावले, हा दृष्टांत त्याने त्यासाठी दिला. आकाश, पृथ्वी व ग्रहगती यांविषयी सुशिक्षित ख्रिस्तीतरांस पक्के ज्ञान असताना, एखाद्या ख्रिस्ती माणसाने शास्त्राच्या नावावर भलतीच विधाने करणे लाजिरवाणे आहे, असा इशारा त्याने उत्पत्तीच्या पुस्तकावरील आपल्या विवरणग्रंथात दिला. अशाने तारणासंबंधीच्या वचनांवरही त्यांचा विश्वास बसत नाही, असे तो म्हणतो.

या सर्व विद्येवर त्याने एक कसोटी ठेवली आहे. ईश्वरावरील व शेजाऱ्यावरील द्विविध प्रेम हे संपूर्ण शास्त्राचे प्रयोजन होय. ज्या अर्थाने हे प्रेम वाढत नाही, तो लावणाऱ्याने शास्त्र जाणलेलेच नाही. उलट, एखाद्याने मूळ लेखकाचा आशय न ओळखता प्रेम वाढविणारा अर्थ लावला, तर तो रस्ता चुकून शेतातून त्याच मुक्कामास पोहोचलेल्या वाटसरूसारखा असतो. तरीही त्याची चूक दाखवून द्यावी, कारण आडवाटेची सवय त्याला पुढे भलतीकडेच नेईल. या शेवटच्या उपवाक्याने प्रेमाच्या नावाखाली मनमानी अर्थ लावण्यास पायबंद बसतो. ‘कन्फेशन्स’ च्या बाराव्या भागात तो म्हणतो, की एकाच वचनाचे अनेक खरे अर्थ संभवतात व त्यांपैकी आपलाच तेवढा लेखकाला अभिप्रेत होता, असा हट्ट धरणे म्हणजे सत्याला खाजगी मालमत्ता समजणे होय. श्रद्धा, आशा व प्रेम ज्याच्या ठायी दृढ झाली आहेत, त्याला इतरांना शिकविण्याखेरीज शास्त्रग्रंथांची गरजच उरत नाही. ग्रंथांवाचून निर्जन प्रदेशात राहणारे तपस्वी याचे उदाहरण आहेत, असेही त्याचे मत आहे.

हे नियम स्वतः ऑगस्टीनला पाळणे नेहमीच साधले नाही. त्याला हिब्रू येत नव्हते व ग्रीक भाषेचे त्याचे ज्ञान बराच काळ तुटपुंजे होते. जेरोमने जुन्या कराराचे लॅटिन भाषांतर थेट हिब्रूवरून करावयास घेतले, तेव्हा ऑगस्टीनने साशंकता व्यक्त केली. ४०३ मध्ये लिहिलेल्या पत्रात त्याने ओएया (सध्याचे लिबियातील ट्रिपोली) येथील प्रसंग कळविला. तेथील बिशपने योनाचे पुस्तक जेरोमच्या भाषांतरातून वाचले. योनावर सावली धरणाऱ्या वनस्पतीला जुन्या भाषांतरात भोपळ्याचा वेल म्हटले होते, तर जेरोमने तेथे आयव्ही हा शब्द वापरला होता. पिढ्यान्‌पिढ्या कानी बसलेला शब्द बदललेला ऐकून जमावात गोंधळ उडाला आणि आपली मंडळी गमावण्याची वेळ येताच बिशपला माघार घ्यावी लागली. अचूक भाषांतर आणि श्रोत्यांची श्रद्धा यांतील हा ताण भाषांतरित धर्मग्रंथ वापरणाऱ्या प्रत्येक समाजास पुढे अनुभवावा लागला.

याहून गंभीर उदाहरण रोमकरांस पत्रातील पाचव्या अध्यायाच्या बाराव्या वचनाचे आहे. आदामाच्या द्वारे पाप व मरण जगात आले, असे सांगितल्यावर मूळ ग्रीकमध्ये जे पद येते, त्याचा अर्थ ‘कारण सर्वांनी पाप केले’ असा बहुतेक आधुनिक अभ्यासक घेतात. ऑगस्टीनपुढील लॅटिन पाठातून मात्र ‘ज्याच्या ठायी सर्वांनी पाप केले’ असा अर्थ निघत होता आणि त्याने तो आदामास लावला. आदिपापाचे त्याचे मत या एकाच वचनावर उभे नव्हते. अर्भकांना बाप्तिस्मा देण्याची प्रथा, पौलाची एकंदर शिकवण व स्वतःचा अनुभव हे त्याचे इतर आधार होते. तरीही एका अव्ययाच्या भाषांतराने सिद्धांतास केवढे बळ मिळू शकते, हे यावरून दिसते.

प्रेम आणि सक्ती : प्रेमाच्या तत्त्वाची सर्वांत कठीण परीक्षा डोनॅटसपंथीयांशी झालेल्या संघर्षात झाली. सम्राट डायोक्लीशनच्या काळातील छळात (३०३–०५) ज्यांनी पवित्र ग्रंथ अधिकाऱ्यांच्या हवाली केले, अशा धर्मगुरूंचे संस्कार अग्राह्य होत, असे मानून हा पंथ आफ्रिकेतील मुख्य चर्चपासून अलग झाला होता. संस्काराचे मोल देणाऱ्याच्या पावित्र्यावर नसून ख्रिस्तावर अवलंबून असते, हे ऑगस्टीनचे उत्तर चर्चच्या शिकवणुकीत कायम झाले. आरंभी त्याचा भर केवळ वादविवादावर होता. परंतु ४०५ च्या राजाज्ञेनंतर अनेक पंथीय परत आलेले पाहून त्याने मत बदलले व सक्तीचे समर्थन केले. मेजवानीस लोकांना आग्रहाने आत आणावे, या लूकच्या शुभवर्तमानातील दाखल्याचा त्याने त्यासाठी उपयोग केला. बाप मुलास मारतो व मुले पळविणारा त्यांना कुरवाळतो, तेव्हा बाह्य कृतीवरून नव्हे, तर मुळाशी प्रेम आहे की नाही यावरून पारख करावी, असा त्याचा युक्तिवाद होता. डोनॅटसपंथीय गुन्हेगारांस देहदंड देऊ नये, अशी रदबदलीही त्याने केली. तथापि शिक्षा करणाऱ्याने आपल्याच मनातील प्रेमाची ग्वाही द्यावयाची असेल, तर तिची शहानिशा कोण करणार, हा प्रश्न त्याच्या समर्थनात अनुत्तरित राहिला. मध्ययुगात धार्मिक दडपशाहीच्या समर्थकांनी त्याच्या या लेखनाचा आधार घेतला. आपल्या संकल्पावर विसंबू नये असे शिकविणाऱ्या विचारवंताने अधिकाऱ्यांच्या हेतूंवर एवढा विश्वास टाकावा, ही त्याच्या विचारातील ठळक विसंगती होय.

दुसऱ्या बाजूस, १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या नव्याने सापडलेल्या पत्रांतून एक वेगळा प्रसंग समजला. गुलामांचे व्यापारी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून स्वतंत्र माणसांना पळवून नेत असताना हिप्पोच्या ख्रिस्ती मंडळीने सुमारे १२० जणांची सुटका केली होती. शेजाऱ्यावरील प्रेमाचा हा अर्थ मंडळीने प्रत्यक्ष आचरणात आणला होता.

प्रभाव व मूल्यमापन : ५२९ च्या ऑरेंज येथील धर्मपरिषदेने कृपेच्या आवश्यकतेसंबंधीचे ऑगस्टीनचे मत स्वीकारले, परंतु ईश्वर कोणास दुष्कर्मासाठी नेमतो हे मत निषिद्ध ठरविले. टॉमस अक्वाय्‌नसने त्याच्या विचारांची ॲरिस्टॉटलच्या तत्त्वज्ञानाशी सांगड घातली. मार्टिन ल्यूथर हा ऑगस्टीनच्या नावाने चालणाऱ्या संघाचाच मठवासी होता व ल्यूथर आणि कॅल्व्हिन या दोघांनीही कृपेच्या सिद्धांतासाठी त्याचा आधार घेतला; त्यांचे कॅथलिक विरोधकही त्याचीच वचने पुढे करीत. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चने मात्र आदामाचा दोष वारशाने येतो हे मत स्वीकारले नाही. आदामापासून मरणाधीनता व दुर्बळता आली, असे ते मानते. कृपेने होणाऱ्या तारणाविषयी कॅथलिक चर्च व ल्यूथरन जागतिक संघ यांनी १९९९ मध्ये संयुक्त निवेदन केले. बाप्तिस्म्यावाचून मरणाऱ्या अर्भकांच्या तारणाची आशा बाळगण्यास सबळ आधार आहे, असे कॅथलिक चर्चच्या आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्रीय आयोगाने २००७ मध्ये म्हटले. या मुद्यावर परंपरेने ऑगस्टीनच्या कठोर निष्कर्षाऐवजी त्याच्या प्रेमविषयक कसोटीला प्राधान्य दिले, असे म्हणता येईल. ऑगस्टीनच्या संघातील पहिले पोप म्हणून चौदावे लिओ यांची ८ मे २०२५ रोजी निवड झाली.

भारतात या संघाचे धर्मगुरू १५७२ मध्ये गोव्यास आले. जुन्या गोव्यातील त्यांचे भव्य चर्च १६०२ मध्ये पूर्ण झाले व ते कृपामातेस अर्पण केलेले होते. पोर्तुगीज सरकारने १८३५ मध्ये संघाची हकालपट्टी केल्यावर ते ओस पडले. १८४२ मध्ये त्याचे छत कोसळले आणि १९३१ मध्ये मनोऱ्याचा काही भाग ढासळला. उरलेला जांभ्या दगडाचा उंच मनोरा सेंट ऑगस्टीनच्या नावाने ओळखला जातो.

अखेरच्या वर्षांत ‘रिट्रॅक्टेशन्स’ (पुनर्विचार) या ग्रंथात ऑगस्टीनने आपल्या ९३ कृती एकेक करून तपासल्या व जेथे चूक आढळली तेथे ती नोंदविली. मनुष्यस्वभावासंबंधीची त्याची निराशा, देहवासनेविषयीचा त्याचा संशय आणि पूर्वनियतीचे त्याचे मत आज अनेकांस अग्राह्य वाटते. परंतु केवळ अज्ञानाने नव्हे, तर जाणूनबुजूनही मनुष्य अयोग्य गोष्टीवर प्रेम करतो, आणि केवळ अधिक ज्ञानाने तो बरा होत नाही, हे त्याचे निरीक्षण त्याच्या सिद्धांतांहून अधिक टिकाऊ ठरले आहे. शास्त्रांत पारंगत असूनही प्रेमात उणा असलेला मनुष्य शास्त्र जाणत नाही, हा निष्कर्ष त्याने त्याच निरीक्षणातून काढला व त्याच कसोटीवर त्याचे स्वतःचे जीवन व लेखनही पुढील पिढ्यांनी तपासून पाहिले.